आधी पॅसेंजर, मग मेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या करिअर पुरवणीत वैमानिक कसं व्हायचं यावर आपण अर्धं पान दिलंत. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, मेडिकल, डीजीसीएचे (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामक खात्याचे) पेपर, दोनशे तासांचं उड्डाण आणि मग कमर्शियल पायलट लायसन्स, हे सगळं व्यवस्थित आहे. पण लेख लायसन्सपाशी येतो आणि 'त्यानंतर विमान कंपन्यांमध्ये आकर्षक वेतनाच्या संधी' एवढ्या एका ओळीत मोकळा होतो. आमच्या घराची चार वर्षं त्या एका ओळीत गेली, म्हणून हे पत्र. लांबलंय. काटछाट केलीत तरी हरकत नाही, फक्त बॉण्डचा, म्हणजे नोकरीच्या कराराचा भाग ठेवा.

मी भुसावळचा. 1984 साली असिस्टंट ड्रायव्हर म्हणून रेल्वेत लागलो, 2019 मध्ये मेलवरून निवृत्त झालो. आमच्याकडे चढायची शिडी ठरलेली असते: असिस्टंट, शंटर, मालगाडी, पॅसेंजर, मग मेल-एक्सप्रेस. पॅसेंजरवर टाकलं की पोरं तोंड वाकडं करायची. भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे, पाचोरा... दर दहा मिनिटांनी थांबा, शेजारच्या लाइनवरून मेल धडधडत निघून जाणार आणि तुम्ही आउटरला उभे. मलाही कमीपणा वाटायचा. पण गाडी थांबवायला मी तिथेच शिकलो. लहान स्टेशनाचा प्लॅटफॉर्म बेताचाच असतो. ब्रेक चार सेकंद उशिरा लागला की पुढचा डबा बाहेर जातो आणि डोक्यावर गाठोडं घेतलेली म्हातारी बाई खडीवर उतरते. इंजिनातून मागे वळून पाहिलं की ती दिसते. ती एकदा दिसली की पुढच्या वेळी हात आपोआप ब्रेककडे आधी जातो. मेलवर एका फेरीत चार-पाच वेळा ब्रेकची खरी परीक्षा होते, पॅसेंजरवर पंचवीस वेळा.

धाकट्या मुलीच्या बाबतीत हे गणित माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

तिने 2019 मध्ये ट्रेनिंग सुरू केलं. माझी ग्रॅच्युइटी त्याच वर्षी हातात आली होती, उरलेल्यासाठी राहतं घर बँकेकडे ठेवलं. फी, राहणं, परीक्षा, मेडिकलच्या चकरा सगळं धरून खर्च 52 लाखांवर गेला. मध्ये कोविड आला, शाळेची निम्मी विमानं दुरुस्तीला उभी राहायची, पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उड्डाण नाही. दोनशे तास पुरे व्हायला तीन वर्षं लागली. शाळेचं नाव लिहीत नाही. लायसन्स हातात आलं तेव्हा आम्ही जळगावहून पेढे आणले, आणि पुढचे सोळा महिने ती घरी बसून होती. घरी बसलेल्या वैमानिकाचाही खर्च चालू असतो, हे कुणी सांगत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेर न दिसता फक्त उपकरणांवर विमान चालवायच्या परवान्याची) तपासणी दरवर्षी, मेडिकल दरवर्षी. त्यात 3 मे 2023 रोजी गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली आणि हजारो तास उडवलेले वैमानिक एका दिवसात नोकरीच्या रांगेत आले. त्यांच्या मागे आमची दोनशे तासवाली.

त्या काळात आलेला प्रत्येक सल्ला एकच होता. 'अजून पंधरा-वीस लाख घाला, एअरबसचं टाइप रेटिंग करून ठेवा, मग मोठी कंपनी घेईलच.' टाइप रेटिंग म्हणजे एका विशिष्ट जातीचं विमान चालवायचा परवाना. तो नुसता फाइलला लावून ठेवला तर शिळा होतो, कारण सिम्युलेटरचा सराव हातात टिकत नाही. तिच्या बॅचच्या दोघांनी हे केलं. एकाला नोकरी लागली. दुसऱ्याच्या वडिलांचा पाचोऱ्याजवळचा दोन एकराचा केळीचा तुकडा गेला आणि मुलगा आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे.

माझी पत्नी म्हणाली, "लहान कंपनीत का नाही बघत?" तिच्या डोक्यात विमानाचा काही विचार नव्हता. तिच्या भावाची जळगावात मेडिकलची एजन्सी आहे आणि तो पहिली नोकरी मोठ्या दुकानात न करता गावातल्या लहान दुकानात केल्याचं अजूनही कौतुकाने सांगतो, एवढंच. पण प्रश्न बरोबर होता.

लहान म्हणजे प्रादेशिक कंपन्या. जिल्ह्याच्या ठिकाणांना जोडणाऱ्या, बहुतेक करून सत्तरेक आसनांचं एटीआर विमान चालवणाऱ्या. आमच्या भागात त्याला 'पंख्याचं विमान' म्हणतात. आता अशा कंपन्यांचं काय सांगावं! जळगावकरांनी त्या येताना पाहिल्या आणि जातानाही पाहिल्या. 2012 मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते विमानतळाचं उद्घाटन झालं, त्यानंतर कित्येक वर्षं तिथे प्रवासी विमानच नाही. 'उडान' योजना आली आणि 2017 च्या डिसेंबरात एअर डेक्कनचं 19 आसनांचं बीचक्राफ्ट मुंबईहून आलं. हारतुरे झाले, फोटो झाले, पण ती सेवा काही टिकली नाही, आणि 2020 मध्ये कंपनीनेच कामकाज थांबवलं. 2019 मध्ये ट्रूजेट आली, 2022 च्या फेब्रुवारीत तीही थांबली. 2024 मध्ये गोव्याची फ्लाय91 आणि मुंबईसाठी अलायन्स एअर. त्यामुळे मुलीने 'प्रादेशिक' म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा येणं साहजिक होतं. जी कंपनी तीन वर्षं टिकत नाही तिच्यात मुलीला घालायचं कसं?

यात एक आतली गोष्ट आहे, आणि ती पालकांनी समजून घ्यावी. उडान योजनेत सरकार निम्म्या आसनांचं भाडं बांधून देतं (सुरुवातीला एका तासाच्या प्रवासाला 2,500 रुपये) आणि कंपनीला जो तोटा येईल त्यासाठी तीन वर्षं अनुदान देतं. त्या तीन वर्षांत त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला सहसा येऊ देत नाहीत. अनुदान संपलं की खरी परीक्षा. सरकारी खर्च तपासणाऱ्या 'कॅग'ने 2023 च्या अहवालात हिशेब मांडला आहे: मार्गवाटपाच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 371 मार्गांवर विमान उडालं, त्यातल्या 112 मार्गांनी तीन वर्षं पुरी केली आणि मार्च 2023 पर्यंत त्यानंतरही चालू राहिलेले मार्ग फक्त 54. हा आकडा वाचून मी मुलीला फोन केला आणि सांगितलं, नको. ती म्हणाली, "पप्पा, मार्ग बंद पडला म्हणजे कंपनी बंद पडली असं नाही. विमान दुसऱ्या मार्गाला लावतात. मार्ग नका बघू, विमानं बघा."

मग आम्ही विमानं बघितली. तिला दोन ठिकाणांहून बोलावणं होतं, त्यांना मी पहिली आणि दुसरी कंपनी म्हणतो.

पहिलीच्या जाहिरातीत विमानांचा आकडा मोठा होता. मुलीने विमानांचे नोंदणी क्रमांक काढून मोबाइलवरच्या विमान दाखवणाऱ्या अ‍ॅपवर रोज रात्री बघायला सुरुवात केली. तीन आठवड्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. निम्म्याच्या आसपास विमानं त्या तीन आठवड्यांत जमिनीवरून हललीच नव्हती. सुटे भाग नसतील, इंजिन दुरुस्तीला गेलं असेल, भाड्याचा वाद असेल, कारण काही का असेना. आमच्या शेडमध्येही कागदावर दोनशे इंजिनं असत. सकाळी लाइनवर किती निघाली ते विचारायचं असतं.

दुसरी तपासणी माझी. रनिंग रूमचा, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या विश्रांतीगृहाचा खानसामा त्या डिव्हिजनची खरी परिस्थिती सांगतो, हा माझा पस्तीस वर्षांचा अनुभव. जेवणात डाळ पातळ झाली की समजायचं, वर काहीतरी बिघडलंय. पहिली कंपनी आपल्या क्रूला ज्या हॉटेलात उतरवते तिथे मी स्वतःच्या पैशाने एक रात्र राहिलो. रात्री साडेदहाला काउंटरवरच्या माणसाशी गप्पा मारल्या. तो म्हणाला, "काका, पायलट लोक चांगले आहेत, पण कंपनीकडे आमचं तीन महिन्यांचं बिल अडकलंय. मालक म्हणतात पुढच्या महिन्यापासून आगाऊ पैसे घ्या." सकाळी नाश्त्याला दोन तरुण वैमानिक भेटले. गणवेशात होते, त्यांच्या कामात लुडबूड नको म्हणून मी जास्त काही विचारलं नाही. एकच विचारलं: गेल्या महिन्यात किती तास झाले? एक म्हणाला एकवीस, दुसरा हसला आणि म्हणाला, "मी स्टँडबाय स्पेशालिस्ट आहे." म्हणजे गरज लागली तर म्हणून नुसता राखीव बसून.

एकवीस तास! मला त्यावेळी याचा अर्थ नीट कळला नाही, मुलीला कळला. कॅप्टन व्हायला जे लायसन्स लागतं, एटीपीएल, त्याला 1,500 तास हवेत. महिन्याला सत्तर तास मिळाले तर दोन वर्षांच्या आत होतात. एकवीस मिळाले तर हातातले दोनशे धरूनही पाच वर्षांच्या वर, आणि तोवर ती कंपनी असेल का? यावरून तिसरी गोष्ट बघावी लागते: कॅप्टन किती आणि सहवैमानिक किती. विमानात दोघेच बसतात. कंपनीने फी घेऊन किंवा स्वस्तात मिळतात म्हणून उजव्या बाजूच्या खुर्चीसाठी भरमसाट पोरं भरली, आणि कॅप्टन मोठ्या कंपन्यांकडे पळाले, तर उरलेली पोरं जमिनीवर. हा आकडा जाहिरातीत नसतो. मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं म्हणतात तेव्हा तो विचारायचा असतो. माझ्या मुलीने विचारला. पहिल्या कंपनीत म्हणाले, "ते ऑपरेशन्सचं बघणं आहे." दुसऱ्या कंपनीतल्या बाईंनी तिथल्या तिथे कागदावर लिहून दिला.

आता बॉण्ड. कंपनी स्वतःच्या खर्चाने टाइप रेटिंग करून देते आणि त्या बदल्यात काही वर्षं सोडून जायचं नाही, गेलात तर पैसे भरा, असा करार करून घेते. त्यात गैर काही नाही. रेल्वेतही ट्रेनिंगचा बॉण्ड होता. पण करार वाचावा लागतो, आणि आपल्याकडे मुलाला नोकरी लागली या आनंदात बाप कागद न वाचता सही करतो. मी जळगावच्या एका वकिलांना दाखवला, त्यांनी पाचशे रुपये घेतले आणि दोन ओळींखाली पेन्सिलने रेघ मारली. पहिली ओळ: सोडून गेल्यास पूर्ण रक्कम देय. म्हणजे चार वर्षांच्या करारातली साडेतीन वर्षं नोकरी केली तरी रक्कम तेवढीच, एक रुपया कमी नाही. दुसऱ्या कंपनीच्या कागदात तीच रक्कम दरवर्षी उतरत जात होती. दुसरी रेघ जिच्याखाली होती ती ओळ मला कधीच दिसली नसती. बॉण्डचा काळ मोजायचा तो रुजू झाल्यापासून नाही, तर 'लाइन रिलीज' झाल्यापासून, म्हणजे शिकाऊपण संपून नियमित उड्डाणावर सोडल्याच्या तारखेपासून. कंपनीकडे शिकवणारे कॅप्टन नसले आणि पोरगी आठ महिने तशीच बसून राहिली, तर ते आठ महिने बॉण्डात धरलेच जात नाहीत. वकील म्हणाले, "काका, ही जेल अशी आहे की शिक्षा सुरू व्हायची तारीख जेलर ठरवणार." (वकिलांना असं बोलायची सवय असते.) बोलणी करून दुसऱ्या कंपनीने त्या कलमात 'रुजू झाल्यापासून जास्तीत जास्त सहा महिन्यांनी' अशी दुरुस्ती केली. विचारलं तर करतात. पहिलीने 'स्टँडर्ड फॉरमॅट आहे' म्हणून सांगितलं.

याशिवाय नोटीस वेगळी. डीजीसीएच्या 2017 च्या नियमाप्रमाणे सहवैमानिकाने सहा महिने आणि कॅप्टनने वर्षभर आधी राजीनामा द्यायचा. बॉण्ड संपला तरी हा कालावधी असतोच, तो हिशेबात धरा. पगाराचंही तसंच. आमच्या मायलेजसारखा (गाडी जितकी चालवली त्यावर मिळणारा भत्ता) यांचा पगार बराचसा तासांवर असतो, म्हणून महिन्याला किमान किती तासांचे पैसे विमान उडो न उडो मिळणार, ते लेखी असावं. तुमच्या पुरवणीतल्या लेखातला 'आकर्षक वेतन' हा शब्द त्या किमान तासांवर ठरतो.

मुलगी दुसऱ्या कंपनीत गेली. पगार पहिलीपेक्षा कमी, बेस दक्षिणेत, भाषा येत नाही. पहिले काही महिने नुसता स्टायपेंड होता आणि खोलीचं भाडं मी पाठवत होतो. शेजारी विचारायचे, "मोठं विमान कधी मिळणार?" मी म्हणायचो, अजून पॅसेंजरवर आहे.

मागच्या हिवाळ्यात तिच्या विमानात बसून आलो. एटीआरला चढायची शिडी मागे असते, सामान पुढच्या दारातून भरतात आणि भरताना शेपटीखाली एक टेकू लावतात, नाहीतर मागच्या वजनाने नाक वर व्हायचं. मला खिडकी उजवीकडची मिळाली. इंजिनाचा घूंऽऽ असा आवाज येत होता आणि पंखा मात्र स्तब्ध. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. घरी आल्यावर तिने समजावलं. मोठ्या विमानांच्या शेपटीत वीज आणि एसीसाठी एक छोटं इंजिन असतं, एटीआरला ते नाही. म्हणून उजवं इंजिन चालू ठेवतात आणि त्याच्या पंख्याला ब्रेक लावून धरतात. याला 'हॉटेल मोड' म्हणतात. शेडमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकून जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की पुढचा तासभर आम्ही जेवण विसरून पंख्यावरच बोलत होतो आणि हिची आई भरीत दोनदा गरम करून आणत होती.

त्याच तासात तिने लॉगबुक काढलं. पहिल्या वर्षात 712 तास आणि 631 सेक्टर (एकदा उडून एकदा उतरलं की एक सेक्टर). तिच्या वर्गातली एक मैत्रीण एका मोठ्या कंपनीत एअरबसवर आहे, तिचे तास साधारण तितकेच, सेक्टर 370. विमान जितका वेळ वर असतं त्यातला बराचसा वेळ ऑटोपायलट सांभाळतो. शिकायचं असतं ते जमिनीजवळ. एटीआर जेमतेम वीस हजार फुटांच्या आसपास उडतं, म्हणजे ढग आणि पाऊस यांच्या वरून निघून जाण्याऐवजी त्यांच्यातून वाट काढत जातं. पुन्हा ऑटोथ्रॉटल नाही, पॉवर हाताने सांभाळायची. लहान विमानतळांवर बऱ्याच ठिकाणी आयएलएसही (रेडिओ संकेतांनी धावपट्टीची वाट दाखवणारी यंत्रणा) नसतो, धावपट्टी डोळ्यांनी शोधून उतरायचं. हे सगळं चोवीस वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांसमोर दिवसातून चार वेळा घडतं.

इथे एक फसगत आहे, तीही सांगतो. 631 सेक्टर म्हणजे 631 लँडिंग तिच्या हातची नव्हेत. निम्मी कॅप्टनची. उरलेल्यांतही, नवीन सहवैमानिकाला लँडिंग द्यायला तशी खास परवानगी असलेलाच कॅप्टन शेजारी लागतो. वाईट हवामानात ते देता येत नाही आणि अवघड विमानतळांवरही नाही. सिमल्याची ती डोंगरमाथ्यावरची आखूड धावपट्टी असली की उजव्या खुर्चीने फक्त बघायचं. तर वर्षभरात तिच्या हातची लँडिंग 148. कंपनीत अशी परवानगी असलेले कॅप्टन किती, हा प्रश्न आम्ही मुलाखतीत विचारला नव्हता, आणि तो विचारायला हवा होता. पावसाळ्याचे चार महिने तिने जवळपास नुसते कॉलआउट देण्यात, म्हणजे उपकरणांवरचे आकडे मोठ्याने सांगण्यात काढले. तिला त्याचा कंटाळा आला होता. मी तिला सांगितलं की असिस्टंट म्हणून मी सहा वर्षं सिग्नल बघून 'डबल यलो... डबल यलो' असं ओरडत होतो आणि समोरचा ड्रायव्हर तेच परत म्हणत होता. ते ओरडणं म्हणजेच काम.

अमेरिकेत हे असं नाही. तिथे 2009 च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचं पंख्याचं विमान पडलं, 50 माणसं गेली. त्यानंतर कायदा झाला आणि 2013 पासून विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून बसायलाच साधारणपणे 1,500 तास लागतात. तिथली पोरं आधी शिकवणीचं काम करून तास जमवतात, मग प्रादेशिक कंपनीत जातात, मग मोठ्या. आपल्याकडे दोनशे तासांची पोरगी थेट प्रवाशांच्या विमानात बसते. चूक-बरोबर मला ठरवता येत नाही, मतं दोन्हीकडे आहेत. पण मग मधले तेराशे तास ती कुठे आणि कुणाच्या शेजारी बसून काढते याला आपल्याकडे दुप्पट महत्त्व येतं, आणि तेच कुणी विचारत नाही.

भीतीचंही लिहितो, कारण पालक फोनवर तेच आधी विचारतात. 15 जानेवारी 2023 रोजी नेपाळात पोखऱ्याला एटीआर पडलं, 72 जण गेले. मुलगी तेव्हा घरीच होती, नोकरी शोधत. तो व्हिडिओ आमच्या घरात सगळ्यांनी पाहिला. हिच्या आईने दोन दिवस विमानाचा विषय काढू दिला नाही. पुढे चौकशीत आलं की विमान सुस्थितीत होतं, उतरायच्या वेळी दोन्ही पंख्यांचे लिव्हर चुकून अशा जागी ओढले गेले की पंखे ओढायचेच थांबले. नोकरी लागल्यावर मुलीने ट्रेनिंगमधून मला फोन करून सांगितलं की तिच्या इन्स्ट्रक्टरने पहिल्याच दिवशी त्या लिव्हरवर हात ठेवायला लावून नाव मोठ्याने म्हणायला लावलं आणि मगच हलवू दिलं. मला तो इन्स्ट्रक्टर न बघता आवडला. हिच्या आईला मात्र अजूनही विमान उतरल्याचा मेसेज लागतो. दिवसाला चार सेक्टर, म्हणजे दिवसाला चार मेसेज.

लहान कंपनीच चांगली, असा याचा अर्थ कुणी काढू नये. मुलीच्या कंपनीचं नाव मी मुद्दाम देत नाही. चांगलं लिहिलं तर जाहिरात, वाईट लिहिलं तर तिच्यावर बालंट. पंख्याचे तास मोठ्या कंपन्या धरतात, पण जेटवर जायचं तर टाइप रेटिंग पुन्हा नव्याने, आणि ते कोण भरणार हा प्रश्न आमच्यासमोर दोन वर्षांनी परत येणारच आहे. आणि ज्या पहिल्या कंपनीला आम्ही नाही म्हटलं ती बुडेल असं मी छातीठोक सांगत होतो. ती अजून चालू आहे. स्टँडबाय स्पेशालिस्ट मुलगा मला नंतर एकदा भुसावळ स्टेशनवर भेटला, त्याचे आता महिन्याला पन्नास तास होतात म्हणाला.

तर संपादक महाराज, विनंती एवढीच. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा ट्रेनिंग स्कूलच्या संचालकांच्या मुलाखतीबरोबर एखाद्या दोन वर्षं नोकरी केलेल्या सहवैमानिकाशीही बोला. तिला किंवा त्याला चार गोष्टी विचारा: महिन्याला तास किती, कंपनीची खरोखर उडणारी विमानं किती, बॉण्ड कुठल्या तारखेपासून मोजतात, आणि गेल्या पगाराची तारीख. गोंदिया, बारामती, शिरपूर इथे पोरं शिकतायत, अमरावतीला तर मोठी शाळा काढायचं ठरलं. खानदेश-विदर्भातले कितीतरी बाप या वर्षी शेत किंवा घर गहाण टाकणार आहेत. त्यांना लायसन्सच्या पुढचं पान हवं आहे.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट, भुसावळ
(नाव छापू नये. मुलगी अजून बॉण्डमध्ये आहे.)

ता. क. : लेखासोबतच्या फोटोतल्या विमानाला चार इंजिनं आहेत. आपल्या देशातल्या कुठल्याही प्रवासी कंपनीकडे तसलं विमान आता नाही. पुढच्या वेळी पंख्याचं छापा. फोटो हवा असल्यास माझ्याकडे आहे, उजव्या खिडकीतून काढलेला. पंखा थांबलेला दिसतोय, पण इंजिन चालू आहे.